वाठोरे सरांच्या यादीतला पहिला अहवाल

वाठोरे सर मागितलेलं पुस्तक लगेच कधीच देत नसत. हिंगोलीच्या आमच्या महाविद्यालयात ते एम.ए.ला औद्योगिक व संघटनात्मक मानसशास्त्र शिकवत. त्यांची वाचनयादी एका कागदावर, पाठपोट : कामगारांची निवड, प्रशिक्षण, प्रेरणा, थकवा, नेतृत्व, एकूण तेवीस नोंदी. पहिली नोंद त्यांच्यासमोर बसून वाचल्याशिवाय दुसरी कपाटातून निघत नसे. आणि पहिली नोंद म्हणजे सरांनीच नोकरीच्या सुरुवातीला लिहिलेला अकरा पानांचा अहवाल.

"आधी स्वतःचं, मग बाकी जगाचं," वर्गातली सुनीता टोमणा मारायची.

मी चाळिशीत, नोकरी सांभाळून शिकत होते. आठवड्याला दोन पुस्तकं, असा तक्ता करून मोकळी झाले होते. एका शनिवारी सरांसमोर बसून अहवाल तासाभरात संपवला. जवळा बाजार या गावाकडच्या एका हळदीच्या गोदामाचा होता. तिथे बायका घोळक्याने बसून, बोलत बोलत हळद निवडत. लांबट हळकुंडं एकीकडे, गोल गठ्ठे दुसरीकडे. सरांनी पुस्तकातल्या पद्धतीने पंधरा दिवस घड्याळ लावून मोजलं आणि शिफारस केली : प्रत्येकीला वेगळी जागा, वेगळी टोपली, तासातासाला नोंद.

"चूक सापडली का, ताई?"

"नाही सर. उत्तम आहे."

"व्हय. मलाबी उत्तमच वाटला होता. उद्या सुट्टी हाय ना? चला मग."

रविवारी आम्ही एका पत्र्याच्या घरासमोर उतरलो. दारात एक म्हातारी शेंगा फोडत बसली होती.

"जयभीम, गयाबाई."

"जयभीम. आले का मोजणारे सर! ह्या बाईला काहून आणलं? ही बी घड्याळवाली का?"

सर हसले नाहीत. "सांगा तिला," एवढंच म्हणाले.

गयाबाई त्या घोळक्यात बसायची. डोळ्यांत मोतीबिंदू, हळकुंड आणि गठ्ठा तिला वेगळे दिसत नसत. शेजारच्या दोघी आपली टोपली करता करता तिचीही करून टाकत. जागा वेगळ्या झाल्या आणि आठवड्याभरात सगळ्यात कमी आकडा तिचा आला. मालकाने तिला काढलं. सरांना कळलं तीन महिन्यांनी. ते भांडायला गेले, तर मालकाने खणातून अहवाल काढला. "सही तुमचीच हाय ना, सर?"

पुढे सरांनी तिच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन करवून आणलं. तोवर तिच्या जागी दुसरी बाई बसली होती.

"मावशी, तेव्हाच का नाही सांगितलंत सरांना?" मी विचारलं.

"सांगून काय? तवाच काढलं असतं. अन् पंधरा दिवस हे माझ्यासमोर बसले बाई, पर नुसते घड्याळाकडं बघून राहिले." मग सरांकडे वळून म्हणाली, "घ्या, चहा थंड होऊन राहिला."

परतताना जीपमध्ये मी रागाने म्हणाले, "मग घड्याळ लावायला शिकवणारी असली पुस्तकं यादीत ठेवायचीच कशाला?"

"पुस्तकाचा दोष न्हाई, ताई. कामावर माणसं एकमेकांना कशी धरून ठेवतात, तेबी त्यातच लिहिलेलं होतं. म्या माझ्या सोयीचं तेवढं वाचलं."

"तुम्ही त्यांची माफी मागितलीत?"

"मागितली तर ती देऊन टाकील. तेवढ्यावर सुटायचं न्हाई मला."

दर वर्षी, प्रत्येक विद्यार्थ्याला घेऊन, ते त्या दारात जात राहिले. माझा तक्ता मागे पडला. तेवीस नोंदींना दीड वर्ष लागलं. एखादं मत मला पटकन पटलं की सर म्हणत, "आता याच्या उलट कोण म्हणतं ते शोधा. मग बोलू."

गेल्या वर्षी सर निवृत्त झाले आणि सहा महिन्यांत गेले. गयाबाईला कुणी कळवलं नसणार, म्हणून मीच गेले. तिने ऐकलं, हातातलं सूप खाली ठेवलं. मग मी तिला जीपमधलं ते बोलणं सांगितलं. इतक्या खेपा घालून सरांनी माफी का मागितली नाही, ते.

"असं व्हय," गयाबाई म्हणाली. तिने पदर तोंडाला लावला. "म्या तर डोळे उघडले त्याच दिवशी माफ केलं होतं. एवढ्या वर्षांत एकदा तरी इचारायचं की, बाई."