समोरच्या उतारावरचा माणूस

धान्याच्या गोदामातली पाळी संपली की व्हर्लिन टॉर्गर्सन घरी जेवायला जाण्याआधी थोरल्या भावाच्या शेतावर जायचा. धनुष्य पाठीला अडकवून तिथल्या रिकाम्या सिलोच्या, म्हणजे चारा साठवायच्या उंच बुरजाच्या, लोखंडी शिडीने वर चढायचा आणि खाली गवतात उभ्या केलेल्या रबरी हरणावर बाण सोडायचा. उत्तर आयोवाची जमीन परातीसारखी सपाट. कोलोरॅडोच्या डोंगरात उतारावरून खाली बाण मारायचा तर सरावाला सिलोशिवाय दुसरी उंची नाही. वरून पाहिलं की हरीण आहे त्याहून लांब वाटतं, आणि सवय नसलेल्या माणसाचा बाण हमखास त्याच्या पाठीवरून जातो.

हे त्याला आर्डेलने, म्हणजे थोरल्या भावाने शिकवलं होतं. आर्डेल एप्रिलमध्ये गेला. ट्रॅक्टरचं तेल बदलता बदलता चाकाला टेकून बसला, तो उठलाच नाही. अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात लोक हॅम सँडविच खात होते तेव्हा व्हर्लिननेही दोन खाल्ली आणि कोणाशी तरी गारपिटीबद्दल बोलला. आपण रडलो नाही हे त्याला घरी गेल्यावर लक्षात आलं, आणि त्याचंही त्याला काही वाटलं नाही.

शिकारीचा अर्ज दोघांनी त्याआधीच एकत्र भरला होता. झाडं संपतात त्याच्याही वर, उघड्या खडकाळ कुरणांत राहणाऱ्या लांबकान्या हरणाचा परवाना परराज्यातल्या माणसाला सोडतीत मिळतो. नंबर नाही लागला तर त्या वर्षाचा एक गुण जमा होतो. पुरेसे गुण झाले की कधीतरी नंबर लागतो. एकत्र अर्ज केला तर मिळाला तर दोघांना, नाहीतर कोणालाच नाही. गुण जमवता जमवता दोघा भावांचे केस पांढरे झाले होते. मेअखेर निकाल लागला. परवाना दोघांनाही मिळाला होता.

आर्डेलचा परवाना त्याच्या बायकोने, मार्लिसने, परत पाठवला. आता प्रश्न व्हर्लिनच्या परवान्याचा होता. मोसम सुरू व्हायच्या आत परत केला तर गुण पुन्हा खात्यात जमा. नुसता ठेवून घेतला आणि गेला नाही तर सगळे फुकट, आणि तो पुन्हा मिळेपर्यंत गुडघे डोंगर चढण्याजोगे उरणार नाहीत.

एकट्याने जायची सोय मात्र त्या बेतात नव्हती. बेत आर्डेलचा होता. नर सकाळी चरतो, ऊन चढलं की खडकाच्या सावलीत बसतो. मग एकाने समोरच्या उतारावर दुर्बीण लावून त्याच्यावर नजर ठेवायची आणि दुसऱ्याने वळसा घालून वरून रांगत उतरायचं. रांगणाऱ्याला हरीण दिसत नाही. वळूनवळून समोरच्या माणसाकडे बघायचं आणि तो पांढऱ्या उशीच्या अभ्र्याने खूण करील तसं सरकायचं. रेडिओ आर्डेलला पसंत नव्हता. समोर बसणारा माणूस आर्डेल होता.

तरीही व्हर्लिन सराव करत राहिला. पाठीवर मिठाची गोणी घेऊन शाळेच्या मैदानाच्या पायऱ्या चढे-उतरे. गोदामातला गेलन रोज टिंगल करायचा.

"काय रे, आज किती उंच गेलास? देव दिसला का?"

"धुरळा होता."

"मीठ तरी घरी पोचव. बायकोने बटाट्यांत घालायला वाट बघून बघून हात टेकले असतील."

"ती सूप करते," व्हर्लिन म्हणाला आणि ट्रकच्या वजनकाट्याकडे गेला.

ऑगस्टच्या सुरुवातीला एका संध्याकाळी मार्लिस सिलोखाली येऊन उभी राहिली. हातात उकडलेली मक्याची कणसं, लोणी लावलेली. शाळेच्या स्वयंपाकघरात आयुष्य काढलेली बाई. कोण जेवलंय आणि कोण नाही हे तिला तोंडावरून कळायचं.

"उतर. थंड होतील."

तो उतरला. उभ्यानेच खाऊ लागला.

"परवाना परत करणार आहेस ना?"

"बहुतेक."

"बहुतेक म्हणजे काय? हो की नाही?"

"समोर बसायला कोणी नाही, मार्लिस. आंधळ्यासारखा रांगून काय करू?"

"गेलन?"

"गेलन दोन मिनिटं गप्प बसू शकत नाही."

मार्लिस म्हणाली, "मी बसते. मला बसता येतं. सगळा हिवाळा तो त्या नकाशावर बसला होता आणि मी त्याच्यासमोर बसले होते."

व्हर्लिनने दाणे संपलेलं कणीस खाली ठेवलं. नाही म्हणायला कारण शोधलं, पण तेवढंही त्राण नव्हतं. "बघू," तो म्हणाला.

शनिवारी ती दुर्बीण आणि अभ्रा घेऊन, दुखरा गुडघा सांभाळत, सिलोवर चढली. रबरी हरीण त्याने तिला सोयाबीनमध्ये हवं तिथं लपवायला सांगितलं होतं. तो ओळींमधून रांगत निघाला. मागे वळून पाहिलं, अभ्रा उजवीकडे हलत होता. तो डावीकडे सरकला. अभ्रा आणखी जोरात उजवीकडे. तो आणखी डावीकडे. अखेर तो पीक तुडवत शेजाऱ्याच्या डुकरांच्या कुंपणाला जाऊन टेकला.

"व्हर्लिन!" वरून हाक आली. "तुला उजवं-डावं कळतं की नाही? माझं सोयाबीन झोपवलंस, गाढवा!"

"तू उजवीकडे हलवत होतीस!"

"हो! कारण हरीण उजवीकडे आहे!"

तो गुडघ्यावर उभा राहिला. दर उन्हाळ्याच्या सरावात आर्डेल ज्या बाजूला कापड हलवायचा, तिकडे जायचं नसे. वासरं हाकताना जसं एका बाजूने पोतं झटकतात आणि वासरू दुसरीकडे वळतं, तसं. दोघं लहानपणापासून वासरं हाकत आले होते. खुणा ठरवायची त्यांना कधी गरजच पडली नव्हती. मार्लिस खाली आल्यावर त्याने तिला हे सांगितलं.

"म्हणजे इतकी वर्षं तो तुला वासरासारखा हाकत होता?"

"हो."

"आणि तू जात होतास."

"हो."

ती हसली, आणि हसता हसता अभ्र्याने डोळे पुसले. व्हर्लिनने गुडघ्यांवरची माती झटकली.

"तूही तसंच कर," तो म्हणाला. "मला सवय आहे."

"नाही. मला कोणाला हाकता येत नाही. मी बोलावणार. जिकडे कापड, तिकडे ये."

दुसऱ्या फेरीत तो दोनदा चुकला, तिसरीत एकदा. चौथ्या वेळी सोयाबीनची पानं बाजूला केली तर हरीण हाताच्या अंतरावर होतं. त्याने वळून सिलोकडे पाहिलं. मार्लिसने दोन्ही हात वर केले होते.

तो शेताच्या कडेला आला, धनुष्य तिच्या ट्रकमध्ये ठेवलं.

"परवाना परत करत नाही," तो म्हणाला.

"बरं."

"सामान पाठीवर घेऊन तुझ्या गुडघ्याला तेवढं वर चढवणार नाही. तंबू खाली ओढ्याजवळ लावावा लागेल. मग पहाटे लवकर निघायला हवं."

"मी शाळेत चारला उठत होते," मार्लिस म्हणाली. "तू स्वतःचं बघ."

तो ट्रकच्या बॉनेटवर नकाशा पसरून ओढा शोधू लागला. तंबूसाठी आर्डेलने केलेली पेन्सिलची खूण बरीच वर होती. ती त्याने खोडली नाही. तिच्या खाली दुसरी केली.