माझा उजवा गाल

मे महिन्यातल्या एका सकाळी मी चूळ भरली आणि पाणी बेसिनमध्ये न पडता माझ्या उजव्या खांद्यावर पडलं. अजून झोपेत आहे असं वाटून दुसरी चूळ भरली. तीही ओठांच्या उजव्या कोपऱ्यातून निसटली. मग आरशात नीट बघितलं. तोंड डावीकडे ओढलं गेलं होतं, उजवा डोळा मिटायला तयार नव्हता, आणि भुवया वर केल्या तर डावीच वर गेली. उजवी रजेवर गेल्यासारखी जागच्या जागी होती.

मी शाळेत भूगोल शिकवते. मुलांना उत्तरेकडे तोंड करून उभं करायचं आणि उजव्या हाताला कोणती दिशा, डाव्या हाताला कोणती, हे घोकून घ्यायचं, यात माझी सव्वीस वर्षं गेली. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं ते एखाद्या गणिताच्या शिक्षिकेला शोभलं असतं.

मी बाथरूममधून बाहेर आले तेव्हा नवरा पेपर वाचत होता. खापरखेड्याच्या वीज केंद्रात नोकरी करून तो मागच्याच वर्षी निवृत्त झाला आणि आम्ही नागपूरच्या बेसा भागातल्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. त्याने पेपरावरून माझ्याकडे बघितलं आणि तो चिडलाच.

"सकाळी सकाळी काहून वेडावून राहिली मले? मी काय केलं?"

"वेडावत नाहीये," मी म्हणाले. पण माझ्या तोंडून 'वे' नीट निघाला नाही. तेव्हा कुठे त्याने चष्मा लावला. मग मात्र पेपर तसाच पडला, पंधरा मिनिटांत गाडी निघाली आणि आम्ही धंतोलीतल्या एका डॉक्टरांच्या दवाखान्यात होतो.

डॉक्टर चांगले होते. त्यांनी मला गाल फुगवायला लावले, डोळे घट्ट मिटायला लावले, दात दाखवायला लावले. चेहऱ्याच्या नसेला सूज आली आहे, पक्षाघात नाही, उजवी बाजू आहे आणि बहुतेक लोक यातून बरे होतात, असं त्यांनी समजावून सांगितलं. गोळ्या दिल्या, डोळ्यात घालायला थेंब दिले, उजव्या गालाचे व्यायाम शिकवले. दुसऱ्या दिवशी ते परदेशात कुठल्याशा परिषदेला निघणार होते. म्हणाले, "रोज सकाळी एक सेल्फी पाठवत जा. माझी असिस्टंट प्रगती बघेल."

घरी पोचलो तर दारात माझी मोठी जाऊ. ती हुडकेश्वरला राहते, आणि बातमी तिच्यापर्यंत पोचायला जेवढा वेळ लागतो तेवढ्याच वेळात ती स्वतःही पोचते. माझ्या तोंडाकडे तिने एकदा बघितलं आणि मग थेट बेडरूममधल्या कूलरकडे बोट दाखवलं.

"याच्यासमोर झोपली होती ना? थंडी हवा लागली. लकवा मारला तुले."

"जाऊबाई, लकवा नाही. नसेला सूज आहे म्हणाले डॉक्टर."

"डॉक्टर तसंच म्हणते. पेशंट घाबरते म्हणून." मग आवाज खाली आणून म्हणाली, "कबुतराचं रक्त चोळते एक जण, माह्या माहेरी, उमरेडले. एका हप्त्यात तोंड सरळ."

कबुतर मी वाचवलं. कूलर वाचवता आला नाही. नवऱ्याने त्याची पिन काढून ठेवली, आणि ज्या दिवसांत नागपुरातली कुत्रीसुद्धा नालीतून बाहेर येत नाहीत त्या दिवसांत आम्ही दोघं पंख्याच्या गरम वाऱ्यात घाम पुसत बसलो. संध्याकाळपर्यंत जावेने सासरच्या ग्रुपवर माझी बातमी टाकली होती. कुणी हात जोडले, कुणी लसणाचा उपाय पाठवला. एका चुलत दिराने विचारलं, डावी बाजू की उजवी? डावी असेल तर काळजीचं आहे, कारण हृदय डावीकडे असतं. उजवी आहे हे कळल्यावर त्याने अंगठा टाकला. मला बरं वाटलं. माणूस आजारी पडला की कुणाच्याही अंगठ्याने बरं वाटतं.

मी रोज सकाळी खिडकीशी उभी राहून तीन सेल्फी काढायची. एक डोळे मिटून, एक भुवया वर करून, एक हसून. हसतानाचा फोटो सगळ्यात वाईट यायचा, म्हणून तो पाठवताना मी खाली लिहायची, 'हसण्याचा प्रयत्न'. असिस्टंटकडून उत्तर यायचं, 'गुड'.

सहाव्या दिवशी 'गुड' आलं नाही, फोन आला.

"मॅडम, उजवी बाजू तर छान सुधारली आहे," ती म्हणाली. मी आनंदाने काही बोलणार तेवढ्यात पुढचं वाक्य आलं. "पण आता डाव्या बाजूला आलंय."

"डाव्या?"

"हो. मी आज सगळे फोटो फाइलशी लावून बघितले. फाइलमध्ये सरांनी उजवी लिहिली आहे आणि फोटोत डावी दिसतेय. दोन्ही बाजूंना होणं चांगलं नसतं. सरांना विचारते."

मी गालाला हात लावला. डावा गाल माझाच होता, नेहमीसारखा. उजवा मात्र सहा दिवसांपूर्वी होता तसाच, दुसऱ्या कुणाचा तरी आणून चिकटवल्यासारखा. मी तिला तसं सांगितलं.

"मॅडम, पेशंटचं असंच होतं," ती समजुतीच्या सुरात म्हणाली. "आरसा बघून बघून स्वतःचं डावं-उजवं कळेनासं होतं. म्हणून तर आम्ही फोटोवर जातो."

"अहो, मी भूगोल शिकवते."

"हो का? छान. सरांचा मेसेज आला की कळवते. तोपर्यंत डाव्या गालालाही मसाज करा."

मी नवऱ्याला हाक मारली. त्याला समोर बसवलं आणि विचारलं, "सांगा, कोणती बाजू वाकडी आहे?"

त्याने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, मग फोनमधल्या फोटोकडे, मग परत माझ्याकडे. आयुष्यभर त्याने मीटर बघून नोंदी केल्या होत्या. काटा एक सांगतो आणि डोळा दुसरं सांगतो, तेव्हा काट्यावर भरवसा ठेवायचा ही त्याची सवय.

"फोटोत तं डावीच दिसून राहिली."

"आणि समोर?"

"समोर..." तो जरा घुटमळला. "समोर उजवीसारखी वाटते. पण फोटो बारीक दाखवते ना."

जावेला फोनवर सांगितलं तर तिला काहीच नवल वाटलं नाही. "वारं आहे ते. फिरते. आज इकडे, उद्या तिकडे. मी तं पहिलेच म्हटलं होतं, कबुतर."

आता खरी लाजेची गोष्ट. पुढचे चार दिवस मी डाव्या गालाला मसाज केला. त्या गालाला काही झालेलं नाही, हे त्याला हात लावताच कळत होतं. तो बिचारा बोटं फिरली की हसायचा, फुगायचा, सगळं आज्ञाधारकपणे करायचा. उजवा मुकाट बसून होता, त्याच्याकडे मी फारसं बघितलं नाही. बावन्न वर्षं माझ्या सोबत असलेल्या गालापेक्षा, जिचं तोंडही मी पाच मिनिटांच्या वर बघितलं नव्हतं त्या मुलीच्या मेसेजवर माझा जास्त विश्वास बसला. आणि पुन्हा शंका आली तेव्हा मी काय केलं, तर आणखी एक सेल्फी काढून बघितला.

डॉक्टरांचा परदेशातून निरोप आला, एमआरआय करून घ्या. ग्रुपवर पुन्हा हात जोडले गेले. चुलत दिराने या वेळी अंगठा टाकला नाही.

एमआरआय सेंटरमध्ये नवरा बाहेर फॉर्म भरत बसला आणि मला एका छोट्या खोलीत नेलं. तिथे माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान एक बाई होती. मशीनमध्ये जायच्या आधी बायकांच्या अंगावरचा सगळा धातू उतरवून घेणं हे तिचं काम. मंगळसूत्र निघालं, बांगड्या निघाल्या, कानातले निघाले. नाकातली चमकी निघेना. ती मी लग्नाच्या आधी घातली होती आणि त्यानंतर तिला कुणी हात लावला नव्हता.

"ताई, हे तं नाकातच उगवलं जी," ती म्हणाली. तिने तेलाचं बोट लावलं, आतून दोरा घातला, फिरवून बघितलं. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, तेही एकाच डोळ्यातून जास्त. ती दमून थांबली. चमकी मुळात कशी बसवलेली आहे हे दिसेल म्हणून तिने माझ्या फाइलला टाचलेला फोटो उचलला. तो माझाच सेल्फी होता, असिस्टंटने छापून लावलेला.

तिने फोटो बघितला. माझं नाक बघितलं. पुन्हा फोटो.

"ताई, तुमची चमकी डाव्या नाकात आहे."

"हो."

"फोटोत तं उजव्या नाकात आहे."

तिने फोटो माझ्या चेहऱ्याशेजारी धरला.

"नाकातली चमकी काढून दुसऱ्या नाकात घातली होती का?"

"नाही हो. दुसरं नाक टोचलेलंच नाही."

"मंग फोटो उलटा आहे," ती म्हणाली आणि तेलाची वाटी खाली ठेवली. "माह्या पोरीच्या मोबाईलमध्येही असंच येते. शाळेच्या ड्रेसवरचं नाव उलटं दिसते."

माझ्या सव्वीस वर्षांच्या नोकरीत माझा असा अपमान कधी झाला नव्हता आणि असा आनंदही नाही. मी तशीच, दागिन्यांची पुडी हातात घेऊन, बाहेर आले आणि नवऱ्याला सांगितलं की आपण घरी जातोय. त्याने सगळं ऐकून घेतलं, दोनदा मान हलवली आणि म्हणाला, "पण आता नंबर लागला आहे तं काढून घेऊ ना. एवढ्या उन्हाचं आलो."

काउंटरवरच्या मुलाचंही तेच मत होतं. मी सरळ गाडीत जाऊन बसले.

असिस्टंटला फोन केला. तिने फाइलमधला फोटो पुन्हा बघितला. मग म्हणाली, "मॅडम, तुम्ही सेटिंग बंद करून फोटो पाठवायला हवे होते." डॉक्टर परतल्यावर त्यांनी मला समोर बसवून तपासलं. फक्त उजवी बाजू होती, आणि तीही सुधारू लागली होती. "चला, मोठं काही नाही, हे कळलं," ते म्हणाले. हे जिच्यामुळे कळलं त्या एमआरआय सेंटरमधल्या बाईचा उल्लेख निघाला नाही. मी काढला, तर त्यांनी विचारलं, "कोण बाई?"

सेटिंग बंद कसं करायचं ते पुण्याच्या लेकीने फोनवर सांगितलं. कॅमेरा उघड, वर ते चक्र आहे त्यात जा, आरशासारखे सेल्फी असं काहीतरी लिहिलं असेल, तिथलं बटण सरकव. ऐकायला मी होते, पण शिकला नवरा. निवृत्तीनंतर प्रथमच त्याला बंद करायला एक स्विच मिळाला होता. आठवडाभर तो आमच्या सोसायटीत फिरून ज्याचा त्याचा फोन मागून घेत होता. "तुमचा फोटो उलटा येऊन राहिला, माहीत आहे का तुम्हाले?" लोक घाबरून फोन द्यायचे.

आणि मग तक्रारी सुरू झाल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू दाराशी आल्या. त्यांचं नाक वाकडं झालं होतं. तळमजल्यावरच्या वकिलीणबाईंचा एक डोळा बारीक झाला होता. लग्न ठरत असलेल्या एका मुलीच्या आईने तर स्पष्टच विचारलं, "तुमच्या मिस्टरांनी काय केलं जी फोनले? पोरगी ओळखू येऊन नाही राहिली." तो प्रत्येकीला समजावत होता की बाई, जग तुम्हाला असंच बघतं, आरसा खोटं सांगतो. त्याचा काही उपयोग झाला नाही. जग आपल्याला कसं बघतं हे कळावं अशी कुणाचीच मागणी नव्हती. दोन दिवसांत तो त्याच जिन्यांवरून पुन्हा फिरला, स्विच परत चालू करत.

जावेने तर त्याला फोन हातात घेऊच दिला नाही. "माह्यं आहे तसंच राहू द्या भाऊजी. या वयात आता नवीन थोबाड नाही पाहिजे."

जूनच्या अखेरीस शाळा सुरू झाली तेव्हा माझा डोळा मिटू लागला होता आणि चूळ बेसिनमध्ये पडत होती. फक्त हसू उजवीकडे अजून जरा उशिरा पोचतं. हे सगळं कूलर बंद केल्यामुळे झालं, असं जाऊ सगळ्यांना सांगते.

माझ्या फोनमध्ये मी ते आरशाचं बटण बंदच ठेवलं. शाळेच्या पहिल्या दिवशी सरळ सेल्फी काढला आणि हादरले. भांग भलत्या बाजूला, एक भुवई वरचढ, हनुवटी किंचित तिरकी. मला वाटलं आजार परतला. फोन नवऱ्यासमोर धरला.

"ही मी आहे?"

"मंग कोण?" तो म्हणाला. "एकोणतीस वर्षं झाले, हेच तोंड पाहून राहिलो मी."

ती बाई मला आवडली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा बघितली, तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी शाळेत ओळखपत्रासाठी फोटो मागितले, तर दुसरा शोधायचा कंटाळा आला आणि मी तोच पाठवून दिला. ऑफिसातल्या क्लार्कने तो स्क्रीनवर मोठा करून बघितला. माझ्याकडे न बघताच तो म्हणाला, "मस्त आला मॅडम. एकदम तुमच्यासारखा."

मी बरं म्हटलं आणि त्याने पुढे केलेल्या कागदावर सही केली.