पाकिटाची मागची बाजू

चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासणारे भिंगकाका कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण जेवणाची सुट्टी झाली की अख्ख्या दुकानाची करमणूक तेच. मांस नाही, अंडं नाही, दुधाचा थेंब नाही. काकांनी आणि त्यांच्या बायकोने मिळून हे ठरवलं होतं. बायको गेली, काकांनी ते चालू ठेवलं.

मग लोक शहाणपणा शिकवणारच. दूध नको तर सोयाचं दूध प्या, मांस नको तर सोयाचे गोळे खा! आता आली का पंचाईत? नेमकं सोयाबीनच काकांना चालत नाही. जरा पोटात गेलं की घसा सुजतो, श्वास कोंडतो. एकदा दुकानातल्यांनी मोठ्या कौतुकाने बिनदुधाचा, बिनअंड्याचा केक आणला, खास काकांसाठी. दोन घास खाऊन काका थेट दवाखान्यात. त्यानंतर लोकांनी बोलावणंच सोडलं. त्यांचं तरी काय चुकलं म्हणा? पाहुण्याला जेवू घालायचं, की त्याच्या उशाशी बसायचं?

काका घरी मसूर शिजवायचे, बटाटे उकडायचे, मूठभर शेंगदाणे खायचे. तब्येत ठणठणीत होती. पण समोर कुणी नसलं की माणूस जेवत नाही, जेवण उरकतो. काका ओट्याशी उभे राहून पातेल्यातूनच खायचे. ताट घेतलं की ते एकच धुवावं लागायचं, आणि त्याचं त्यांना फार वाईट वाटायचं.

अशात समोरच्या खोलीत शिवणकाम करणारी ताई राहायला आली. तीही एकटीच. एका रविवारी तिने काकांना जेवायला बोलावलं. काकांनी कान धरून आपली सगळी पथ्यं सांगितली. ती म्हणाली, एवढंच ना, त्यात काय मोठं? आणि खरंच तिने मनावर घेतलं. राजमा, भाजलेला भोपळा, भाज्यांचं गरम सूप. काकांनी पुरे म्हटलं की ती आणखी एक डाव वाढायची, वर दटावायची की माझ्याकडे लाजायचं नाही. काका रविवारी सकाळपासून दाढी करून बसायला लागले.

एका रविवारी सूप वाढून झालं, पाव समोर आला, तेवढ्यात गिऱ्हाईक आलं म्हणून ताई दाराशी गेली. पाव नेहमीपेक्षा मऊ होता. काकांना दुकानातला तो केक आठवला. तोही असाच मऊ होता. ते उठले, कचऱ्याच्या डब्यातून पावाची पिशवी काढली, खिशातलं भिंग डोळ्याला लावलं आणि मागची बारीक अक्षरं वाचायला लागले. गहू, पाणी, यीस्ट, मीठ, सूर्यफुलाचं तेल. दुसरं काही नाही. हुश्श करून वळतात तर दारात ताई, गळ्यात मापाची टेप.

"मी वाचलं होतं, काका," ती म्हणाली. "हा पाव मिळवायला तीन दुकानं हिंडले."

काका ओशाळले. माझ्यावर विश्वास नव्हता का, असं तिने विचारलं असतं तर बरं झालं असतं. तिने विचारलं नाही.

पुढच्या रविवारी टेबलावर ताटाआधी पाकिटं मांडलेली होती. काका गयावया करत म्हणाले, अगं ताई, याची गरज नाही, मी नुसता घाबरलो होतो गं.

"तुम्ही वाचा," ताई म्हणाली. रागाने नाही. "तुम्हाला काही झालं तर मला सहन व्हायचं नाही. तुम्ही वाचल्याशिवाय आता मलाही वाढवत नाही."

तेव्हा काकांना कळलं, त्यांनी स्वतःची भीती तिला लावली होती. ते एकेक पाकीट वाचत गेले, ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने वाढलं. काकांनी प्रत्येक घास गिळला की तिची नजर त्यांच्या गळ्यावर. तिच्या स्वतःच्या ताटातलं अन्न तसंच होतं.

त्याच्या पुढच्या रविवारी काकांनीच तिचं दार वाजवलं आणि उंबऱ्याबाहेरूनच सांगितलं की आज मी बाहेर जेवून आलोय.

काका, ज्यांना जगात कुठेच बाहेर जेवता येत नव्हतं! हे ताईइतकं कुणाला ठाऊक होतं? पण तिने कुठे जेवलात म्हणून विचारलं नाही. तिच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला. ती म्हणाली, "बरं झालं, काका."