ग्यानोबा हणमंते आणि त्यांची लेथ

ग्यानोबा हणमंते यांना मी किती ओळखत होतो, असं कुणी विचारलं तर खरं उत्तर देताना मला लाज वाटेल. लातूर जिल्हा नवा झाला तेव्हापासूनची आमची ओळख. पण त्यांच्या पत्नीचं नाव पारूबाई होतं, हे मला ते वारल्यावर आलेल्या पुण्यानुमोदनाच्या पत्रिकेवर वाचून कळलं. त्यांच्या घरात मी पहिल्यांदा गेलो तो ते गेल्यावर. त्यांची मुलगी पंचशीला शाळेत शिक्षिका आहे. ती म्हणाली, "काका, बाबांच्या आठवणींची छोटी पुस्तिका काढतोय. तुम्ही दोन पानं लिहा. बाबा तुमचं नाव लई घ्यायचे."

माझं नाव घेऊन ते काय सांगत असतील, हे विचारायचा धीर मला झाला नाही. मी आयुष्यभर संगप्पा मलशेट्टे यांच्या डाळ मिलमध्ये मुनीम होतो. धंद्याच्या पत्रांपलीकडे कधी काही लिहिलेलं नाही. चुकलं असेल ते पंचशीलानं खोडावं.

ग्यानोबा उमरीजवळच्या एका खेड्यातले. बहात्तरच्या दुष्काळात आईवडिलांबरोबर खडी फोडायला जात, हे ते एकदाच बोलले, तेही दुष्काळी कामावर खायला मिळणाऱ्या सुकडीचा विषय निघाला म्हणून. "त्या सुकडीची चव अजून तोंडात हाय," म्हणाले. चांगली की वाईट, ते सांगितलं नाही. पुढे नांदेडला एका वर्कशॉपमध्ये झाडलोट करता करता ते लेथ, म्हणजे लोखंड कातायचं यंत्र, चालवायला शिकले. मालक म्हातारा झाला, वर्कशॉप बंद करायला निघाला, तेव्हा ती लेथ ग्यानोबांनी हप्त्यानं घेतली. लातूर जिल्हा झाला आणि इकडे कचेऱ्यांची बांधकामं सुरू झाली. लोखंडाचं काम मिळेल या आशेवर ते लेथ ट्रकवर घालून लातूरला आले. पारूबाई आणि तान्ही पंचशीला त्याच ट्रकमध्ये होत्या, हे आता कळतंय.

कचेऱ्या झाल्या, मग डाळ मिल वाढल्या. तुरीचं टरफल निघतं ते लोखंडी रोलवरच्या एमरीच्या खडबडीत थरानं. तो थर झिजला की पुन्हा चढवावा लागतो. आमच्या मिलचे रोल, चाळण्या, पुल्या, शाफ्ट, सगळं ग्यानोबांच्या हातचं होतं. त्यांच्या शेडमधलं निम्मं काम आमच्याच मिलचं असायचं. बाकीचं काम आमचं पाहून येणाऱ्यांचं.

त्यांची लेथ विलायती होती, इंग्रजांच्या काळातली. पत्र्याच्या त्या शेडमध्ये तिच्याभोवतीची जमीन तेवढी रोज झाडलेली असे. कुणी देशी-परदेशी असा वाद काढला की ते लेथवर हात ठेवून म्हणायचे, "ही बी बोटीतनंच आली हाय. तिला काय इचारता?"

संगप्पांनी, म्हणजे आमच्या अप्पांनी, मिलमध्ये एक पद्धत पाडली होती. खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली की ज्यानं यंत्र बनवलं त्यानंच ते पहिल्यांदा चालू करायचं. पहिल्या वर्षी अप्पांनी ग्यानोबांपुढे नारळ धरला. ग्यानोबा म्हणाले, "अप्पा, आम्ही बौद्ध माणसं. नारळ तुम्ही फोडा, मी तेल सोडतो." अप्पांना ते पटलं. तेव्हापासून दर खंडेनवमीला ग्यानोबा आपली लांब नळीची तेलाची कुपी घेऊन येत. प्रत्येक बेअरिंगपाशी वाकून तेल सोडत, फडक्यानं ओघळ पुसत आणि मग बटण दाबत. दुसऱ्या दिवशी दसरा. त्या दिवशी ते पांढरे कपडे घालून विहाराकडे जाताना दिसत.

त्या पहिल्या वर्षी त्यांचं ताट अंगणात वाढलं होतं. ते म्हणाले, "जेवून आलोय." नंतर ताट आत वाढायला लागले, तरी दरवर्षी त्यांचं उत्तर तेच. मी ते कधी मनावर घेतलं नव्हतं. आता लिहिताना आठवलं.

अप्पा गेले, त्यांचा मुलगाही लवकर गेला. मिल सुनेच्या, रुद्राणीबाईंच्या हातात आली. मग तो मोठा दुष्काळ आला, ज्यात पुढे लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. तूर महाग, माल मिळेना, आणि आलेल्या मालाची डाळ करताना तुकडा जास्त पडला की व्यापारी तोंड फिरवायचे. त्यात एक एजंट मोबाइलवर चीनच्या मशीनचा व्हिडिओ दाखवून गेला. टरफल काढणं, डाळ फोडणं, चाळणं, सगळं एकाच मशीनमध्ये. ग्यानोबांकडून तेवढं सगळं नवं करून घ्यायला जे लागलं असतं, त्याच्या निम्म्यात.

रुद्राणीबाईंनी जे केलं ते दुसऱ्या कुणी केलं नसतं. त्यांनी ग्यानोबांनाच बोलावलं.

"मामा, मला त्यातलं कळत नाही. एजंट तर गोडच बोलणार. नांदेडला एका मिलमध्ये हे मशीन चालू आहे म्हणे. तुम्ही बघून या आणि मला सांगा, घेऊ का नको."

ग्यानोबा म्हणाले, "मी सांगू?"

"तुम्ही नाही तर कोण सांगणार?"

"बरं. मुनीमजींना संगं द्या."

आम्ही एसटीनं नांदेडला गेलो. तिथला फिटर ग्यानोबांना जुना ओळखत होता. लांबूनच ओरडला, "काय हणमंते, सवत बघायला आला का?"

"हाव," ग्यानोबा म्हणाले. "बघू दे, दिसायला कशी हाय."

"गोरीपान हाय. अन् गुमान काम करती, तुमच्या रोलांसारखी खडखड न्हाई."

सगळे हसले. ग्यानोबाही हसले. मग त्यांनी मशीनच्या अंगावर हात ठेवला आणि डोळे मिटून उभे राहिले. खालून ओंजळभर डाळ घेतली, तुकडा वेगळा करून पाहिला, परत घेतली, परत पाहिली. मला वाटलं, आता काहीतरी खोट काढतील. काढली असती तरी कुणी नाव ठेवलं नसतं.

परतीच्या गाडीत ते खिडकीशी बसले होते. बाहेर शेतं नांगरून तशीच पडलेली. लोहा गाव मागं पडलं. शेवटी मीच विचारलं, "कशी वाटली?"

"चांगली हाय."

"मग काय सांगणार?"

"चांगली हाय म्हनूनच सांगणार. अक्कानं इचारलंय मला."

दुसऱ्या दिवशी त्यांनी रुद्राणीबाईंना तसंच सांगितलं. "अक्का, तुकडा कमी पडतोय. घ्या. तेवढ्यात मला लोखंड बी येत न्हाई. फक्त एक करा, शाफ्ट अन् जाळ्या जादाच्या मागवून ठिवा."

"मामा, मग तुमचं कसं?"

"माझं मी बघतो."

एजंट म्हणाला, "मॅडम, स्पेअर कशाला आताच अडकवता? हैदराबादच्या गोदामात पडलेत. फोन केला की दुसऱ्या दिवशी हजर." त्यामुळे जादाचं काही मागवलं नाही. मशीन आलं, एजंटच्या माणसांनी बसवलं, आणि खरंच चांगलं चाललं. रुद्राणीबाईंच्या जागी मी असतो तर मीही तेच घेतलं असतं. डाळ निवडायला बसणाऱ्या बायांचं काम त्या दुष्काळात टिकलं ते त्या मशीनमुळे. आमचं पाहून आणखी मिलवाल्यांनी तसलंच घेतलं. ज्यांना घेणं जमलं नाही त्यांच्या मिल तुरीअभावी बंदच होत्या. ग्यानोबांच्या शेडकडे जाणारे टेम्पो थांबले. हे मला दिसत होतं. त्याचा पुढे विचार मी केला नाही.

खंडेनवमी आली. रुद्राणीबाई म्हणाल्या, "मशीन त्यांचं नसलं म्हणून काय झालं? मामांना बोलवा." ग्यानोबा आले. हातात तीच तेलाची कुपी. पूजा झाली, नारळ फुटला, आणि ते मशीनपाशी वाकले. एका बाजूनं पाहिलं, दुसऱ्या बाजूनं पाहिलं, मागं जाऊन पाहिलं. आम्ही सगळे उभे.

"अक्का," ते म्हणाले, "सगळे बेअरिंग बंद हायत. तेल सोडायला जागाच न्हाई."

निवडणाऱ्या बायांमधली केवळाबाई जिभेची तिखट. ती म्हणाली, "बरी सून आणली की मालकिणीनं दुष्काळाची! हिला पाणी लागत न्हाई अन् तेल बी लागत न्हाई."

बायांमध्ये हशा पिकला. ग्यानोबाही हसले, पण कुपी हातात तशीच होती. मग ते कोपऱ्यात गेले. तिथे त्यांची जुनी चाळणी भंगारात द्यायची म्हणून उभी करून ठेवली होती. तिच्या दोन्ही बेअरिंगना त्यांनी तेल सोडलं, फडक्यानं पुसलं, आणि परत येऊन चीनच्या मशीनचं बटण दाबलं. ताटाचं विचारलं तर म्हणाले, "जेवून आलोय."

हंगाम ऐन भरात असताना मशीनचा शाफ्ट तुटला. माल येऊन पडलेला, बाया बसलेल्या. एजंटला फोन केला तर हैदराबादच्या गोदामात ते स्पेअर नव्हतं. "बोटीत आहे, मॅडम. महिना धरून चाला." महिनाभर मिल बंद ठेवली असती तर ती पुन्हा उघडली असती असं मला वाटत नाही. रुद्राणीबाई म्हणाल्या, "मुनीमजी, मामांकडे जा."

मी गेलो. ग्यानोबा शेडमध्ये पाण्याच्या टाकीचं स्टँड वेल्डिंग करत होते. त्या दिवसांत ज्याच्या त्याच्या घरी टाक्या येत होत्या, तेवढंच काम त्यांच्याकडे होतं. मी सरळ लेथकडे पाहिलं, तर लेथ नव्हती. जमिनीत बोल्टांची भोकं होती आणि तेलानं काळा झालेला चौकोन. तो अजूनही झाडलेला होता.

"लेथ कुठंय?"

"नांदेडला गेली. दिवाळीच्या आधीच."

"बोलला नाहीत कधी."

"काय बोलायचं त्यात? काम न्हाई, नुस्ती उभी होती." त्यांनी डोळ्यांपुढची वेल्डिंगची काच वर केली. "तुमचं काय काम होतं?"

मी शाफ्टचं सांगितलं. ते माझ्याबरोबर मिलमध्ये आले. लेथ गेल्याचं मीच रुद्राणीबाईंना सांगितलं. त्या खुर्चीतून उठल्या. "मामा, एक शब्द तरी..." एवढंच बोलल्या.

"शाफ्ट दावा, अक्का," ग्यानोबा म्हणाले.

तुटलेले दोन्ही तुकडे पिशवीत घालून आम्ही परत नांदेडची गाडी धरली. लेथ ज्यानं घेतली तो अण्णाराव नावाचा वर्कशॉपवाला. माणूस भला. म्हणाला, "हणमंते, तुम्ही बसा, माझा माणूस करून देतो."

"तुमचा माणूस राहू द्या. मला हात लावू द्या तिला."

अण्णारावांनी मान हलवली. ग्यानोबांनी चप्पल बाहेर काढली. लेथ नव्या जागी भिंतीला खेटून उभी होती, तिला हिरवा रंग दिला होता. त्यांनी आधी भिंतीवरची तेलाची कुपी घेतली आणि जिथे जिथे तेल सोडायचं तिथे तिथे सोडलं. रंगाखाली बुजलेलं एक भोक त्यांनी नखानं मोकळं केलं. मग लोखंड बांधलं.

इतकी वर्षं मी त्यांना माल पोचवताना, बिल घेताना, बाकावर बसून चहा पिताना पाहिलं होतं. काम करताना शेजारी बसून पाहिलं ते त्याच दिवशी. मध्येच थांबायचे, बोटानं शाफ्ट चाचपायचे, पुन्हा लावायचे. मी स्टुलावर बसून होतो. आपण इथे बसायला नको होतं, असं मला सारखं वाटत होतं. कुणाच्या तरी घरच्या भेटीत मध्ये येऊन बसल्यासारखं.

काम झाल्यावर त्यांनी लेथ बंद केली आणि खांद्यावरच्या आपल्या रुमालानं पुसली. अण्णारावांना म्हणाले, "मागच्या गिअरला आवाज येतोय. तेल कमी पडतंय."

"घालतो."

"रोज घाला."

बाहेर येऊन त्यांनी चप्पल घातली. मागं वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी शाफ्ट बसवला. रुद्राणीबाईंनी बटण त्यांनाच दाबायला लावलं. मशीन सुरू झालं, बायांनी सुपं हातात घेतली. रुद्राणीबाई म्हणाल्या, "मामा, रोज मिलमध्येच या आता. मशीनकडं तुम्हीच बघा."

"तिच्यात बघायला काय हाय, अक्का? तेल सोडायला बी जागा न्हाई." हे ते हसत म्हणाले, पण बघतो किंवा येतो असं काही म्हणाले नाहीत. रुद्राणीबाईंनी जेवायला थांबायचा आग्रह केला, तेव्हा मात्र आत जाऊन जेवले. मी समोरच्या पाटावर होतो. भाकरी आणि वरण होतं. वरण त्यांनी दोनदा मागून घेतलं.

नंतर मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेलो. त्यानंतर आमची भेट झाली नाही. पाऊस यायच्या आधीच, ज्येष्ठात, ते झोपेतच गेले. फाटकाशी काही महत्त्वाचं बोलणं झालं असतं तर पंचशीलाला सांगता आलं असतं. पण झालं ते एवढंच.

त्यांच्या हातातल्या पिशवीत तुटका शाफ्ट होता. ते म्हणाले, "हे तुटकं ठिवू का माझ्याकडं?"

"ठेवा की. आम्हाला काय करायचंय त्याचं."

"तुमच्या गल्लीत पाणी कधी हाय?"

"परवा सोडणार म्हणतात."

"मग घागरी आजच धुऊन ठिवा. गाळ येतोय लई."

"हाव, ठेवतो."