मिरचीला न रडणारी आयव्हीबाय

आमच्या माहीमच्या गल्लीत आयव्हीबायचं नाव तिच्या डोळ्यांमुळे झालं. मे महिना आला की इथल्या कॅथलिक घरांतून वर्षाचा बॉटल मसाला होतो. मिरच्या आणि ढीगभर जिन्नस उन्हात वाळवायचे, मातीच्या खापरावर भाजायचे, कुटून बिअरच्या रिकाम्या बाटल्यांत ठासून भरायचे. भाजताना धूर असा उठतो की मी तिसऱ्या मजल्यावर खिडक्या लावून बसतो, तरी शिंकतो. त्या धुरात सगळ्या बायका रुमाल भिजवून लांब पळायच्या आणि आयव्हीबाय मात्र खापरासमोर कोरडी ठणठणीत बसलेली. डोळ्यांतून थेंब म्हणून नाही!

"मदर मेरीचा हात हाय तिच्या डोळ्यांवर," तिचा नवरा झेवियर छाती फुगवून सांगायचा. त्यामुळे साऱ्या खानदानाच्या मसाल्याची भाजणी तिच्याकडे आली. हा मान म्हणजे काय, ते बाहेरच्याला कळायचं नाही. लग्नात कुणी कुठे बसायचं हेसुद्धा भाजणारणीला विचारून ठरतं.

पण गंमत अशी की हीच वाघीण संध्याकाळी डोळे धरून बसायची. "रेती गेल्यासारखं टोचतंय. पंखा बंद कर रे!" झेवियर घामानं निथळत माझ्याकडे गाऱ्हाणं घेऊन यायचा. "लवू, मिरचीचा धूर चालतो, पंख्याचा वारा चालत नाय. नाटक नाय तर काय?" मी म्हणायचो, "तिकीट लाव, मी पुढच्या रांगेत बसतो." चष्मेवाल्यानं थेंब दिले, ते संपले, टोचणी राहिली. वरून डोळे अगदी छान दिसायचे, त्यामुळे तिच्यावर कुणाचा विश्वास बसेना.

गेल्या वर्षी मात्र नाटक महागात पडलं. भाजता भाजता तिला धूसर दिसायला लागलं, मिरच्यांचा रंग कळेना आणि अख्खी खेप करपली. कडू मसाला नातेवाइकांच्या घरोघरी पोचला. वसईहून झेवियरची मोठी बहीण जोॲना हिचा फोन आला. ती फोनवर बोलते तेव्हा फोनची गरज नसते, त्यामुळे मलाही सगळं ऐकू आलं. "आयव्ही, तुझं वय झालं. पुढल्या साली भाजणी माझ्याकडे!"

फोन ठेवल्यावर आयव्हीबाय जेवली नाही. मान जाणार आणि तोही जोॲनाकडे! वर पुढल्याच वर्षी आयव्हीबायच्या मुलाचं, नोएलचं लग्न!

तिच्या मुलीनं, ओलिव्हियानं तिला धरून परळच्या एका इस्पितळात नेलं. तिथे डॉक्टर दीपिका कोरड्या डोळ्यांवर संशोधन करत होत्या. घोडपदेवच्या चाळीतली मुलगी, बोलायला सरळसोट. सोबतीला झेवियर आणि मीही गेलो. घरी बसून बातमी थोडीच मिळते?

डॉक्टरांनी विचारलं, "कांदा चिरताना रडू येतं?"

आयव्हीबाय ताठ झाली. "कांदा? मी मिरची भाजताना रडत नाय!"

तिला वाटलं, आता शाबासकी मिळणार. डॉक्टर लिहायच्या थांबल्या. "कधीपासून?"

"झाली की बरीच वर्षं. पहिलं रडायची."

डॉक्टरांनी एक केसासारखा दोरा तिच्या बुबुळाला हलकेच टेकवला. पापणी हललीच नाही. मग मोठ्या यंत्रासमोर हनुवटी ठेवायला लावून बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचे फोटो काढले. त्यात मज्जातंतू असतात म्हणे. निरोगी माणसाचे यंत्राच्या स्क्रीनवर दाखवले, तर काळ्यावर लांबच लांब पांढरे धागे. आयव्हीबायचे धागे तुटके, वाकडे, मध्येच गाठी आलेले.

"आमच्या कोळीवाड्यातलं फाटकं जाळं," ती पुटपुटली.

"बरोबर," डॉक्टर म्हणाल्या. "डोळा कोरडा पडला की हे तंतू पाणी मागवतात. तुमच्या डोळ्यांना आतून सूज आहे, तिनं तंतू खराब केले. मिरचीचा धूर त्यांना कळत नाही आणि साधा वारा लागला तरी ते बोंब मारतात. दोन्ही एकाच दुखण्यामुळे. मावशी, तुम्ही नाटक करत नव्हता."

आयव्हीबायनं झेवियरकडे असं पाहिलं की बिचारा टोपी शोधायला लागला. टोपी त्यानं आणलीच नव्हती.

मग सूज उतरवायचे थेंब सुरू झाले आणि जोडीला तिच्याच रक्तातून काढलेल्या पाण्याचे थेंब. ते फ्रिजमध्ये, डुकराच्या मटणाच्या सोरपोटेलच्या पातेल्याशेजारी. मी म्हणालो, "इतकी वर्षं झेवियरचं रक्त आटवलं, आता स्वतःचं डोळ्यांत घाला." तिनं मला चप्पल दाखवली, पण थेंब एकदाही चुकवले नाहीत. हिवाळ्यात पंखा सुरू झाला. झेवियर बापडा कुडकुडत त्याच्याखाली झोपला, पण बंद कर म्हणाला नाही.

मे उजाडला. जोॲना वसईहून स्वतःचं उलथणं घेऊनच आली. डॉक्टर दीपिकाही आल्या. त्यांची अट एकच होती, धुरात गॉगल घालायचा. आयव्हीबाय पोहायच्या गॉगलमध्ये खापरासमोर बसली, अगदी बेडकासारखी. मिरच्या पडल्या, धूर उठला, बायका पळाल्या.

"काचेतून काय दिसणार हिला!" जोॲना खोकत ओरडली. "परत करपवणार!"

आयव्हीबायनं गॉगल सर्रकन कपाळावर चढवला. क्षणभर काही नाही. मग डोळे लाल झाले, पापण्या फडफडल्या आणि दोन्ही गालांवरून धारा लागल्या.

"रडली! मम्मी रडली!" ओलिव्हिया नाचायलाच लागली. झेवियरनं मला मिठी मारली. जोॲनाला वाटलं, गडी हरला. "बघ, नाय सोसत तुला. दे इकडं!"

"हात लावू नको!" आयव्हीबाय रडत रडत हसत होती. "धूर लागतोय गो मला, झोंबतोय! आणि मिरची दिसतेय. अजून लालच हाय."

"मावशी, गॉगल!" डॉक्टर नाक पुसत ओरडल्या. त्यांच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं, धुराचं की कशाचं, ते मी विचारलं नाही. आयव्हीबायनं गॉगल खाली ओढला, खापर हलवलं आणि मिरची गडद झाली त्याच क्षणी उतरवली.

कुटल्यावर पहिली चिमूट जोॲनाच्या तळहातावर ठेवली. तिनं जिभेला लावली. परत लावली. सारी गल्ली तिच्या तोंडाकडे बघत उभी.

"सहा बाटल्या दे," ती म्हणाली.

"चार मिळतील," आयव्हीबाय म्हणाली. "आणि नोएलच्या लग्नात तू मागच्या टेबलावर बसणार."