काळ्या फ्लेक्सवरचा पांढरा हत्ती

बाबांनी आयुष्यात बुद्धिबळाचं एकच कोडं रचलं. पांढऱ्याची चाल, दोन चालींत मात. ते चारचौघांसमोर एकदा तरी नीट छापून यावं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. एका साप्ताहिकाने छापलं, तर त्यांच्या फॉन्टमध्ये सोंगट्याच नसल्याने सगळ्या सोंगट्यांच्या जागी रिकामे चौकोन आले. बाबांनी तो अंक रद्दीत घातला. निषेध तेवढाच.

मी फॉन्ट बनवतो. आमच्या किन्हवलीत हे समजावत बसण्यापेक्षा ‘कॉम्प्युटरचं काम’ म्हणणं सोपं. अक्षरांप्रमाणे सोंगट्यांनाही कॉम्प्युटरमध्ये जगभर चालणारे क्रमांक दिलेले आहेत. क्रमांक एक आंतरराष्ट्रीय समिती ठरवते, चित्र ज्याचं त्याने काढायचं. बाबांच्या कोड्यासाठी मी फुकट मिळणारे फॉन्ट धुंडाळले, तर हत्तीच्या जागी बुरूज आणि उंटाच्या जागी पाद्र्याची टोपी.

“माहुलीचा किल्ला माझ्या पटाच्या कोपऱ्यात कशाला आणून ठेवलास?” बाबा म्हणाले.

मग त्याच क्रमांकांवर मी हत्ती आणि उंट काढले. रीतीप्रमाणे पांढरी सोंगटी म्हणजे नुसती रेघ, पोट रिकामं. काळी शाईने भरलेली. कागद पांढराच असणार, हे सगळ्यांनी धरून चाललेलं.

घोड्याची मान राहिली होती तेव्हा बाबा गेले. मला काही वाटल्याचं आठवत नाही. मान दोन दिवसांनी पूर्ण केली. ती चांगली जमली आहे.

दहाव्याला फ्लेक्स लागतोच. चुलतभाऊ शहापूरला छापायला सांगून आला; मी कोड्याची फाइल आणि फॉन्ट पाठवला. फ्लेक्स आला. बाबांना कधीही न पाहिलेले पुढारी हात जोडून रांगेत उभे होते, बाबांपेक्षा ठळक. दुःख दिसावं म्हणून पार्श्वभूमी काळी आणि सोंगट्या पांढऱ्या शाईत. त्यामुळे रिकाम्या पोटाचा पांढरा राजा काळा दिसत होता आणि काळा राजा पांढराशुभ्र. खाली लिहिलं होतं, ‘पांढऱ्याची चाल’.

बाबांबरोबर तीस वर्षं बुद्धिबळ खेळलेले काका टोकावड्याहून एसटीने आले. बराच वेळ फ्लेक्ससमोर उभे राहिले.

“मेल्यावर बाजू बदलली काय रे तुज्या बापानं? यात मात नाय होत.”

मी शाईची भानगड सांगितली.

“मंजे रंगाचाच घोळ ना,” म्हणत त्यांनी तंबाखूची डबी काढली आणि बोटावर चुना घेतला. रिकाम्या पोटाचा राजा भरला, मग वजीर, मग हत्ती. पुढारी बघत होते. काका दोन पावलं मागे सरले.

“आता सगळेच पांढरे झाले की रे. काळे कुटं गेले?”

“ते आधीपासूनच पांढरे दिसतायत, काका.”

“मंग कोळसा आन.”

“काळ्यावर कोळसा दिसायचा नाही.”

 काका पटाकडे बघत राहिले. मग चुन्याचं बोट ओल्या हत्तीवर ठेवून आडवं ओढलं. पांढरा पट्टा उमटला.

“हा हितं. मंग राजा कुटंबी जाऊ दे.” थोड्या वेळाने म्हणाले, “लबाड होता तुजा बाप.”

चाल बरोबर होती.

भटजींनी बोलावलं म्हणून मी निघालो. काकांनी डबीत बोट फिरवून पाहिलं. चुना संपला होता. त्यांनी तंबाखू तशीच मळली आणि तोंडात टाकली.