बोरे दा

सबंध विदर्भात वेल्श भाषा शिकायला बसलेला माणूस एकच होता, आणि माझं भाग्य असं की तो माझा घरमालक निघाला. मी सांगलीकडचा, सातवीत शाळा सोडलेला आणि पोटासाठी नागपूरच्या गांधीबागेत कापडाच्या ठोक दुकानात थानं उलगडायला आलेला. बोलताना चुकेन, लिहिताना चुकेन, या धास्तीनं आईला पत्रसुद्धा टाकत नसे. आणि इथे आमचे घरमालक काका पासष्टीला बिगरीत बसलेले!

काकांनी उभा जन्म कोळशाच्या खाणीत हजेरी लिहिली. त्यांचा साहेब वेल्सचा, म्हणजे इंग्लंडच्या कुशीतल्या चिमुकल्या मुलखातला. हजेरीपटातली प्रत्येक चूक तो लाल पेन्सिलीनं सुधारायचा, आणि काका त्या लाल रेघांवर शिकले. साहेब मायदेशी परतला, थकला, आणि एके दिवशी त्याच्या मुलीचं पत्र आलं. वडिलांना अर्धांगाचा झटका आला होता. इंग्रजी पार पुसली गेली, उरली ती लहानपणची वेल्श. तीही ते बोलेनात, नुसते खिडकीबाहेर बघत बसतात. काकांनी चष्मा काढला. "मंग त्याहिच्याच भाषेत बोलाव लागन," ते म्हणाले, "अन् लवकर."

पण वेल्शचा धडा नागपुरात मिळणार कुठे? सीताबर्डीच्या पुस्तकवाल्यानं मुंबईहून खास मागवून आणलं ते व्हेल माशावरचं पुस्तक. काकांनी तेही शेवटपर्यंत वाचलं, आणि हा मासा पिल्लाला दूध पाजतो हे काकूंना आठवडाभर ऐकवलं. मग रेडिओ. सकाळी काटा फिरवता फिरवता न समजणारं काही लागलं की काका हात वर करत, "गप बसा, हे वेल्श असन!" आतून काकू म्हणत, "अवो, तो तमिळ बातम्या देऊन राह्यला. काहून डोकं पिकवता?" शेवटी काकांनी साहेबाच्या मुलीलाच लिहिलं, आणि बोटीनं लहान मुलांची एक अंकलिपी आली. समासात तिनं उच्चार लिहिले होते.

परीक्षक म्हणून काकांनी मला नेमलं. मी म्हटलं, "काका, मला मराठीच धड येत नाही." तर म्हणाले, "म्हणूनच गा! तुयासमोर चुकाले मले लाज नाही." मी पुस्तक धरून बसे, आणि ते गालात सुपारी ठेवून जिभेला नाना प्रकारे वळवत. पहिल्याच पानावर त्यांना हर्ष झाला. "पाह्य, याहिचं दर दुसरं वाक्य 'माय'पासून सुरू होते! 'आहे'ले 'माय' म्हणतेत. असे लोक वाईट असतीन का?" सुप्रभातला 'बोरे दा'. तो सराव त्यांनी दारात उभं राहून खणखणीत केला, तेव्हा समोरून जाणारी बोरंवाली टोपली उतरवून म्हणाली, "देतो ना बाप्पा, ओरडता काहून?" आणि तिनं तराजूत बोरं टाकलीसुद्धा. काकांनी ती घेतली. पुढे रोज घेतली.

चार महिन्यांनी पत्र तयार झालं. एकूण तीन वाक्यं: बोरे दा साहेब, नागपुरात ऊन फार आहे, तुमची आठवण येते. पेटीत टाकण्याआधी काकांनी पत्ता दोनदा वाचला. "पोचलं अन् साहेब नसला तं?" एवढंच ते बोलले. त्यानंतर पोस्टमन गल्लीत शिरला की आम्ही दोघंही अंगणात.

पाकीट आलं, त्यात काकांचंच पत्र परत होतं. त्यांचा चेहरा उतरला. उलगडलं, तर 'ऊन' म्हणून लिहिलेल्या वेल्श शब्दातला पहिला प खोडून तिथे वाकड्या, थरथरत्या हातानं ब लिहिला होता. लाल पेन्सिलीनं. त्यांच्या भाषेत म्हणे कधीकधी शब्दाचं पहिलं अक्षरच बदलतं. खाली मुलीनं लिहिलं होतं की वडिलांनी कितीतरी महिन्यांनी पेन्सिल मागितली, आणि 'बोरे दा' मोठ्यानं वाचलं.

काका ती चूक गल्लीभर दाखवत फिरले. त्याच संध्याकाळी मी आईला पत्र लिहिलं. ऱ्हस्वदीर्घ पाहिलं नाही.

साहेब त्या हिवाळ्यात गेला. काकाही आता नाहीत. बोरांच्या दिवसांत मी दारात उभा राहून हळूच 'बोरे दा' म्हणतो. बोरंवाली तराजू उचलते. मी तिला थांबवत नाही.